‘फॉरमॅट मारू का?’ असं विचारणाऱ्याला आधी थांबवा

पत्र असं आहे:

‘माझे सासरे, आप्पा, वय ७९. अकरा वर्षं खपून त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार केलाय. मजकूर, वंशावळी, स्कॅन केलेले जुने फोटो असं सगळं घरच्या डेस्कटॉप कॉम्प्युटरवर आहे. मागच्या गुरुवारी वीज गेली तेव्हा तो चालूच होता. यूपीएस आहे, पण तो हल्ली नुसताच किंचाळतो. वीज आल्यावर कॉम्प्युटर लावला तर कंपनीचं नाव दिसतं, मग “ऑटोमॅटिक रिपेअर” असं काहीतरी गोल गोल फिरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुकानातला मुलगा बघून गेला. म्हणाला, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. माझा मुलगा म्हणतो, डी ड्राइव्हला काही होत नाही, मारू दे. आप्पांना आम्ही “दुरुस्तीवाला यायचाय” एवढंच सांगितलंय. डिसेंबरात कुलसंमेलन आहे, पुस्तक तेव्हा यायचंय. काय करू? – एक सून, कर्वेनगर, पुणे’

ताई, त्या दुकानातल्या मुलाला आधी फोन करा आणि इतक्यात येऊ नकोस म्हणून सांगा. मग भिंतीवरचं बटण बंद करा. ‘आज तरी लागतोय का बघू’ म्हणून दिवसातून चारदा तो चालू करून पाहत असाल, तर तेही आजपासून बंद.

आता चांगली बातमी. ती तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही सहज लिहून गेलात. कंपनीचं नाव दिसतं आणि रिपेअरचा पडदा येतो, याचा अर्थ वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, मॉनिटर ही मंडळी कामावर हजर आहेत. शिवाय तो रिपेअरचा पडदा बहुतेक मशिनांत त्याच हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यातून येतो. म्हणजे डिस्कही निदान थोडी वाचली जातेय. गुरुवारी वीज गेली त्या क्षणी विंडोज स्वतःचं काहीतरी लिहीत असणार, ते अर्धवट राहिलं आणि आता त्याला स्वतःलाच उठता येत नाही. आप्पांच्या फायली त्याच डिस्कवर आहेत, पण त्या उघडायला तेच विंडोज लागतं असं मुळीच नाही. ‘विंडोज उडालंय’ हे त्या मुलाचं निदान बरोबर असू शकतं. पुढचा उपाय मात्र त्यानं स्वतःच्या सोयीचा सांगितला. फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकायला त्याला दोन तास पुरतात. फायली शोधून बाहेर काढायच्या तर अख्खा दिवस जातो, आणि त्याचे वेगळे पैसे मागायचे त्याला जिवावर येतं.

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवतो का? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवत असेच अडकून पडले. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्या मशिनांवरचा कामाचा डेटा जागच्या जागी होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी किमान गोष्टींवर चालवून, नेमकी ती बिघडलेली फाइल काढली की मशीन उठत होतं. कॉम्प्युटर न उठणं आणि फायली जाणं या दोन घटना आहेत. त्या एकत्र घडतात त्या बहुतेकदा माणसाच्या घाईमुळे.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह ही घरोघरी दोन वेगळी कपाटं समजली जातात. बहुतेक घरांत ते एकाच कपाटाचे दोन खण असतात. फक्त सी फॉरमॅट केला तर डीमधलं राहतं, हे कबूल. पण डिस्कच गेली तर दोन्ही जातात. त्यात आप्पांनी कुलवृत्तांत डीमध्येच ठेवलाय हे कुणी पाहिलंय? डेस्कटॉपच्या पडद्यावर ठेवलेली प्रत्येक फाइल, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळं मुद्दाम हलवलं नसेल तर सी ड्राइव्हमध्ये असतं. आप्पांच्या वयाची माणसं पडद्यावरच ठेवतात, कारण तिथे दिसतं. मीही तेच करतो.

झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कवरचं लिखाण लगेच पुसलं जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. नव्या विंडोजचे पंधरा-वीस जीबी त्यावर ओतले की मग खालचं खरोखर जातं. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपा असलेली डिस्क, असेल तर तेवढाही अवकाश मिळत नाही. ती मोकळी झालेली जागा आपणहून साफ करून टाकते. हे वाचेपर्यंत कुणी फॉरमॅट मारलाच असेल तर मशीन बंद करून थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवत बसू नका.

तुमच्याकडे अजून तसं झालेलं नाही. तेव्हा आता एकदाच, खोलीतला पंखा बंद करून, कॉम्प्युटर चालू करा आणि कॅबिनेटला कान लावा. मऊ घूं आवाज चालेल. एका लयीत टक्‌, टक्‌, टक्‌ येत असेल, किंवा घासल्यासारखी खरखर, तर तत्क्षणी वीज बंद. डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात, त्यांच्यावर केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर वाचणारं टोक तरंगतं. ते टोक बिघडलं की प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडे काढू शकतं. अशा डिस्कवर घरगुती प्रयोग नकोत. ती फ्रीजमध्ये ठेवा असं सांगणारे महाभाग अजून भेटतात. आत दव धरतं, राहिलेलंही जातं.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो असलेली डिस्क टकटकायला लागली, तेव्हा मी तिच्यावर रात्रभर चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलाच डिस्क तपासायचा प्रोग्राम, लावून झोपलो. ‘चूक शोधा आणि दुरुस्त करा’ असं लिहिलेलं होतं, मला वाटलं, करेल. दुखऱ्या पायाच्या माणसाला पर्वती चढायला लावण्याचा तो प्रकार होता. सकाळी मशीनला डिस्क दिसेचना. त्या समारंभाचे आज आमच्याकडे आहेत ते फोटो नातेवाइकांनी आपापल्या मोबाइलवर काढलेले, बहुतेक जेवणाच्या पंगतीचे. तेव्हा फायली बाहेर येईपर्यंत चेकडिस्क नाही, ‘रिसेट धिस पीसी’ नाही, कुठल्याही प्रश्नाला नुसतंच ‘येस’ नाही.

आवाज साधा असेल तर पुढचं पाऊल कॉम्प्युटरशी संबंधित नाही. आप्पांना सांगा. त्यांना धक्का बसेल म्हणून तुम्ही लपवताय ते मला समजतं. पण फायली कुठे आहेत, त्यांची नावं काय, विंडोजचा पासवर्ड काय, हे फक्त त्यांना माहीत आहे. पासवर्ड तर पुढच्याच पायरीला लागू शकतो. शिवाय अकरा वर्षं कुलवृत्तांत करणारा माणूस एकटा काम करत नाही. कुठल्या शाखेचा मजकूर तपासायला इंदूरच्या चुलतभावाला मेल केला असेल, वंशावळ कुणाला व्हॉट्सॲपवर गेली असेल, छापखान्यात एखादं प्रकरण पेन ड्राइव्हवर दिलं असेल, प्रुफांचे गठ्ठे माळ्यावर असतील. त्यांच्या मेलच्या ‘सेंट’मध्ये बघा, पंधरा मिनिटांत अर्धा जीव भांड्यात पडेल. आणि हो, १९६१ साली १२ जुलैला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आप्पा चौदा-पंधरा वर्षांचे असणार. पुण्यात असतील तर पेठांमधल्या लोकांनी भिजलेली दप्तरं उन्हात कशी पसरली होती ते तेच तुम्हाला सांगतील. एका डेस्कटॉपची बातमी ते पचवतील.

आता काम. एक सोपा रस्ता आहे, तो दुकानातली मुलं सहसा सांगत नाहीत. रिपेअरचं ते चक्र एकदा पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालू द्या. बऱ्याचदा शेवटी ‘दुरुस्त करता आलं नाही’ असं सांगून तो ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’चं बटण देतो. त्याआधी मोकळा पेन ड्राइव्ह लावून ठेवा. मग ट्रबलशूट, पुन्हा ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. इथे आप्पांचा पासवर्ड लागू शकतो. काळी खिडकी उघडली की नोटपॅडचं इंग्रजी स्पेलिंग टाइप करून एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडेल. त्यात फाइल, ओपन, आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. झालं, ही तुमची खिडकी. इथून ड्राइव्ह दिसतात, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करता येतं, पेन ड्राइव्हमध्ये जाऊन पेस्ट करता येतं. दोन गोष्टींनी घाबरू नका. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल. आणि कॉपी चालू असताना किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. चहा करून या. आधी मजकुराच्या फायली घ्या, त्या लहान असतात. फोटो नंतर.

ते बटण आलंच नाही, किंवा फायली भरपूर असतील, तर डिस्क बाहेर काढा. मी असतो तर सरळ हेच केलं असतं. वायर काढा, कॅबिनेटचं समोरून पाहताना डावीकडचं झाकण उघडा, आतल्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो घ्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. पुस्तकाच्या आकाराची, धातूची, जड वस्तू ती हार्ड डिस्क. तिला दोन चपट्या वायरी आणि चार स्क्रू. मग ती मुलाच्या लॅपटॉपला जोडण्यासाठी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ‘साटा टू यूएसबी’ ॲडॉप्टर मागा, पण ‘साडेतीन इंची डिस्कसाठी, पॉवरसकट’ असं स्पष्ट म्हणा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट वेगळे लागतात, लॅपटॉपच्या डिस्कचं नुसतं वायरवालं ॲडॉप्टर तिला फिरवू शकत नाही. हे न सांगता दोन चकरा मारलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलाच्या लॅपटॉपला डिस्क लावली की पडद्यावर एक-दोन प्रश्न येतील. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ असं विचारलं तर कॅन्सल. मुलाच्या हाताला माउस असेल तर हे त्याला आधीच सांगून ठेवा, तरुण मुलांची बोटं वाचण्याआधी चालतात. ‘स्कॅन अँड फिक्स’ला नाही. ‘हे फोल्डर बघायची परवानगी नाही, कंटिन्यू?’ याला मात्र हो चालेल. मग सी ड्राइव्ह, युझर्स, आप्पांच्या नावाचं फोल्डर. अख्खं उचलून लॅपटॉपवर घ्या, नंतर डी ड्राइव्हमधलं. कॉपी मध्येच अडकून डिस्क आवाज करायला लागली तर थांबा, मिळालं तेवढं घेऊन तज्ज्ञाकडे जा.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र मोठं लिहावंसं वाटलं ती. फायली मिळाल्या, नावं दिसली, सगळे खूश झाले, आणि उघडल्यावर आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. घरात रडारड होते, कारण वाटतं की फाइल खराब झाली. ती खराब नसते. आप्पा अकरा वर्षांपूर्वी सुरुवात करताना बहुधा श्रीलिपीत किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएममध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करत असणार. दोन्ही पुण्याचीच अपत्यं. त्या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवलेले असतात, त्यांना ‘क’ आणि ‘ख’चं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नाही तर मराठी नाही. तेव्हा डिस्क जोडलेली असतानाच सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही उचला. खिचडी दिसणारी फाइल सेव्ह न करता बंद करा.

पुस्तकाची मांडणी पेजमेकरमध्ये केली असेल तर आणखी एक खोच. पेजमेकर मोठे फोटो फाइलच्या आत ठेवेलच असं नाही, बऱ्याचदा ते कुठल्या फोल्डरात आहेत तेवढाच पत्ता ठेवतो. एकटी पेजमेकरची फाइल आणली तर मजकूर येईल, पूर्वजांचे चेहरे अंधुक चौकटी होतील. म्हणून फोटोंचं फोल्डर त्याच नावानं, त्याच रचनेत घ्या. आणि कॅबिनेटच्या मागे श्रीलिपीचं छोटं डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालू करणारी किल्ली, लावलेलं असेल तर ते दुकानात जाऊ देऊ नका, काढून आप्पांच्या हातात द्या. सगळं आल्यावर दहा-पंधरा फायली आप्पांना स्वतः उघडून बघू द्या. नाव दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो, आणि कुठलं पान शेवटचं होतं ते त्यांनाच कळेल. गुरुवारी उघडी असलेली फाइल थोडी मागे गेलेली असू शकते, तेवढं धरून चाला.

तुमचं नाही, पण इतर वाचकांसाठी पटकन: बटण दाबल्यावर दिवाही लागत नसेल, तर खरं तर काळजी कमी. बहुतेकदा एसएमपीएस गेलेला असतो, डिस्क सुखरूप असते. पंखा फिरतो पण पडदा काळा आणि बीप बीप, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसून घट्ट बसवा, पावसाळ्यानंतर हा उपाय हमखास लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरणं हेही करून बघण्यासारखं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला घातलेलं विंडोजचं कुलूप, चालू असतो, डिस्क काढून दुसरीकडे लावली की तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली असते. मशीन नीट चालू आहे तेव्हाच खात्यात जाऊन ती वहीत उतरवून घ्या.

डिस्क टकटकणारी निघाली तर रिकव्हरीवाल्याकडे जाताना आधी अंदाज लेखी घ्या, डेटा मिळाला नाही तर किती आकारणार ते विचारा, आणि कुणी टेबलावरच स्क्रू काढायला लागला तर डिस्क उचलून घरी या. ती धुळीपासून बंद जागेतच उघडायची असते. पैसे बरेच लागतात, हेही सांगून ठेवतो.

फायली दोन ठिकाणी पोहोचल्या, एक प्रत लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर, की मग त्या दुकानातल्या मुलाला खुशाल बोलवा. पण जुनी डिस्क त्याला देऊच नका. नवी एसएसडी घ्या, तीवर विंडोज टाकायला सांगा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१७ च्या आधीचं मशीन सहसा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. तेव्हा मशीन किती जुनं आहे ते त्याला आधी बघू द्या, नाहीतर जुन्या घोड्याला नवं खोगीर होईल. श्रीलिपी आणि पेजमेकर पुन्हा टाकावे लागतील, त्यांच्या सीडी शोधायला आप्पांना आजच बसवा. यूपीएसची बॅटरीही बदलून घ्या. पुण्यात गुरुवार हा वीज जाण्याचा वार आहे हे ठाऊक असून आपण किंचाळणारा यूपीएस वर्षानुवर्षं चालवतो. त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावूच नये हे उत्तम.

आणि जुनी डिस्क? ती जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवा. पुस्तक छापून होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. ऐन नोव्हेंबरात आप्पा म्हणणार आहेत, ‘अगं, सांगलीच्या शाखेचं एक फोल्डर होतं, ते कुठे दिसत नाही.’